तेवीस जोड चपला

१

शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला, भिवंडीच्या कामतघर भागात केसरीनाथशेठच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर, बाहेरून कुलूप घातलेल्या हॉलमध्ये सहा वर्षांची रिया सापडली. शेठनं पहारीनं कडी उचकटली तेव्हा पोर दाराशीच बसली होती. रडून तिचा घसा बसला होता आणि दार बडवून तळवे लाल झाले होते. पाऊण तासच तर आत होती, असं नंतर सगळे एकमेकांना सांगत सुटले. सहा वर्षांच्या पोरीला अंधारातला पाऊण तास किती वाटतो, ते कुणी तिला विचारलं नाही.

हॉल काही परक्याचा नव्हता. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत पोरांना सांभाळावं, म्हणून एका ट्रस्टनं तिथं क्लब काढला होता. साडेतीन ते सात. खाऊ, अभ्यास, खेळ. नाव ‘उमलती पावलं’. दारावर मोठा बोर्ड होता, ‘प्रत्येक मूल आमच्या नजरेत’. कडी उचकटताना त्याचा एक कोपरा निघाला होता, आणि तो सोमवारपर्यंत तसाच लोंबत होता.

त्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास कलावतीबाई रोकडे कठडा धरून जिना चढत होत्या. वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. तीस वर्षं अंगणवाड्यांवर सुपरवायझर म्हणून त्यांनी अख्खी भिवंडी पायाखाली घातली होती. निवृत्तीनंतर ट्रस्टनं त्यांना देखरेख समितीवर घेतलं, ते बहुधा पत्रकावर नाव शोभून दिसतं म्हणून. कारण गेल्या वर्षात कलावतीबाईंनी ट्रस्टला तीन पत्रं लिहिली होती. अडतीस पोरांना दोन बाया पुरत नाहीत, तुमच्याच नियमात तीन लिहिल्यात, तिसरी नेमा. तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं होतं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ ही नोंद नेमकी कुठल्या खड्ड्यात घेतात, ते त्यांना एकदा बघायचं होतं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर दम खायला त्या थांबल्या. समोर भिंतीलगत पोरांच्या चपला ओळीनं मांडलेल्या होत्या, जोडाला जोड लावून, टाचा भिंतीकडे. हात मदतनीस पुतळाबाईचाच. बाईंची नजर सवयीनं ओळीवरून फिरली.

“तेवीस,” त्या पुटपुटल्या. तेवीस जोड, म्हणजे तेवीस पोरं. शुक्रवारच्या प्रकारानंतर बऱ्याच जणांनी पोरं पाठवलीच नव्हती.

आजूबाजूच्या शेडमधून कापड विणणाऱ्या लूमची खटखट जिन्यात भरून राहिली होती. दारात ट्रस्टचे समन्वयक भूपेश सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, आणि फाईलवर आधीच उघडून ठेवलेलं पेन.

“या मॅडम. तुम्हाला उगाच जिना चढायला लावला,” ते म्हणाले. “एका सहीचं काम आहे.”

कागद पोलिस ठाण्याच्या नावे होता. ‘मदतनीस पुतळाबाई हिने घोर निष्काळजीपणाने मुलीस कोंडून ठेवले’, असं त्यात लिहिलं होतं. खाली समिती सदस्याच्या सहीची जागा मोकळी होती.

“पाच वर्षं इथं काम करतेय ती,” कलावतीबाई म्हणाल्या.

“किल्ली तिच्याकडेच असते, मॅडम. कुलूप तिनंच लावलं, ती स्वतः कबूल आहे. आता यात शोधण्यासारखं काय राहिलं?”

सगळं इतकं सरळ दिसतंय, ह्यानंच कलावतीबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते भूपेश सरांच्या खिशात परत ठेवलं.

“सात वाजेपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “सही करीन नाहीतर फाडीन. पण आधी विचारीन.”

२

निशा मॅडम हॉलच्या कोपऱ्यात टेबलाशी बसल्या होत्या. वय पंचविशीचं, ठाण्याहून येणाऱ्या, बालशिक्षणाचा डिप्लोमा केलेल्या. कागदोपत्री क्लबची जबाबदारी त्यांची. त्यांचे डोळे सुजलेले होते, ते कलावतीबाईंनी पाहून ठेवलं.

“शुक्रवारी तुम्ही होता?”

“हो. रजिस्टरवर सही आहे ना माझी.”

“सही बघीन नंतर. तुम्ही होता का?”

निशा मॅडमनी एकदा भूपेश सरांकडे पाहिलं. “होते. सात वाजता निघाले. पुतळामावशी म्हणाल्या, सगळी पोरं गेली, मी कुलूप लावते. मी खाली गेटपर्यंत पोचलेसुद्धा होते. पोरगी वर रडत असेल, तरी मला ऐकू येणार कसं? हे लूम सुरू असले की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तुम्ही बघताय ना?”

“बघतेय,” कलावतीबाई म्हणाल्या, आणि ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं वहीत उतरवलं.

“अजून एक आहे,” निशा मॅडम हळूच म्हणाल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी एक तपकिरी बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची, अर्धी भरलेली. “ही स्वयंपाकाच्या ओट्यामागे सापडली. मावशींची आहे. एवढी पोरं शांत कशी झोपतात, असा मला कधीपासून प्रश्न होता. रिया तेवढा वेळ उठलीच नाही, हे जरा...”

वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. पण अर्ध्या वाक्यानं जेवढं विष पसरतं, तेवढं पुऱ्यानं पसरत नाही. भूपेश सरांनी मान डोलावली आणि फाईलमधून दुसरा कागद काढला. औषध देऊन झोपवल्याचा मजकूर त्यावर टाईप करून तयारच होता.

कलावतीबाईंनी बाटली हातात घेतली. पोरांना औषध पाजून झोपवणाऱ्या बाया त्यांनी नोकरीत पाहिल्या होत्या. त्यातली एक तर अगदी गोड बोलायची. पुतळाबाई तशी असेल, तर तीस वर्षांत आपण माणसं ओळखायला शिकलो म्हणजे काय शिकलो?

बाटली पिशवीत टाकून त्या खाली उतरल्या.

३

केसरीनाथशेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खाडीकाठच्या जमिनी गोडाऊनवाल्यांना दिलेले गावचे जुने घरंदाज. वरचा हॉल त्यांनी ट्रस्टला दिला होता, तोही त्यांच्या म्हणण्यानुसार पोरांचा गलका ऐकायला बरा वाटतो म्हणून.

“बसा कलावतीबाय. चाय मागवू?”

“चहा नंतर. शुक्रवारी काय झालं ते सांगा.”

“काय जालं, मी हितंच बसलेलो. दिवा लावून जालेला. सुक्रवार म्हनजे लूम बंद, पाखराचा आवाज बी येतो. तर वरती धप धप, धप धप. मला वाटला मांजर हाय. मंग पोरीचा रडना ऐकू आला. वर गेलो तर टाळा. पुतळाबायला फोन लावला तर तिचा फोन बंद. मंग पहार घेतली.”

“त्याआधी निशा मॅडम कधी गेल्या?”

शेठनी डोळे बारीक केले. “कोन, ती ठान्याची बाय? सुक्रवारची ती कवा येते?”

“येत नाही?”

“मी न्हाय बगितली बाबा. आता मी काय चोवीस तास हितं न्हाय बसत. पन सुक्रवारचा मला पुतळाबायच दिसते. वर खाली, वर खाली. एकेक पोराला गेटपर्यंत सोडते. गल्लीतनं टेम्पो जातात ना, पोरांना एकटा सोडत न्हाय ती. मी बोललो बी तिला, तुजे पाय गलतील. हसली नुसती.”

कलावतीबाईंनी पिशवीतून बाटली काढली. झाकण तेलकट होतं. उघडून नाकाशी धरली, मग एक थेंब तळहातावर घेऊन चोळला. औषधाचा मागमूस नव्हता. खोबरेल तेल, त्यात कापूर चुरलेला.

“तेल हाय ते,” शेठ म्हणाले. “पोरींच्या डोस्क्याला लावते ती. माज्या नातीच्या बी लावला एकदा.”

भूपेश सरांनी ज्याच्या जोरावर दुसरा कागद टाईप करून आणला होता, ते हे. उघडून वास घ्यायला किती वेळ लागतो? एवढं शिकलेल्या दोन माणसांना ते सुचू नये, आणि एका बाईला तुरुंगात घालायला मात्र कागद तयार असावा. कलावतीबाईंना इतका राग आला की शेठनी मागवलेला चहा त्यांनी उभ्या उभ्या, तोंड भाजत, संपवला.

४

पुतळाबाई मोरीत पोरांचे पेले घासत होती. पंचावन्नची बाई, वज्रेश्वरीकडच्या गावातली. कधीकाळी कलावतीबाईंच्या हाताखालच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. अंगणवाडी दुसऱ्या वस्तीत हलली तशी ती इथं लागली. बाईंना बघून तिनं हात पदराला पुसले आणि मान खाली घातली.

“पुतळा, शुक्रवारी निशा मॅडम होत्या?”

पुतळाबाईनं पुढचा पेला उचलला.

“मला माहीत आहे, नव्हत्या. तू का बोलत नाहीस?”

“बोलून काय होनार हाय बाई? भूपेश सर बोलले, सुक्रवारी एकटी असतेस हे बाहेर गेला तर क्लब बंद होईल. मंग ही पोरं जानार कुटं? रस्त्यावर फिरतील. कोन गोडाऊनमधी जाईल.” तिनं पेला पालथा घातला. “चूक माजीच हाय. टाळा मीच लावला. मला जे करायचा ते करा.”

“कुलूप लावण्याआधी पोरं मोजलीस?”

“मोजली.”

“नीट?”

“नीट मोजली, बाई. कोनी उरला न्हवता. रियाची आई उशिरा येते, तवा शेजारची कमळा आपल्या पोरासंगं तिला नेते. मी खाली गेटवर होती, म्हनलं कमळानं नेली असंल.”

“कशी मोजलीस?”

पुतळाबाईनं क्षणभर बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी सांगावं असं तिच्या डोळ्यांत आलं, आणि ते तिनं गिळलं. “मोजली,” ती परत म्हणाली आणि नळ सोडला.

खोटं बोलणारी माणसं जास्त बोलतात, हा कलावतीबाईंचा अनुभव. ही तर पदराखाली काहीतरी धरून बसली होती, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. मग कुणासाठी? वैतागून त्या हॉलमध्ये आल्या आणि कपाटातली दोन पुस्तकं घेऊन बसल्या. एक हजेरीचं रजिस्टर, एक पालकांची तक्रारवही.

रजिस्टर इतकं स्वच्छ होतं की देवघरात ठेवावं. शुक्रवारच्या रकान्यात अडतीसच्या अडतीस पोरं हजर. त्याआधीच्या शुक्रवारीही अडतीस. त्याआधीच्याही. सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनानं, एकाच दमात मारलेल्या.

तक्रारवहीत मात्र जीव होता. खाऊ गार असतो. पंखा फिरत नाही. आणि दहा दिवसांपूर्वीची, वाकड्या अक्षरातली एक: ‘माज्या रियाची चप्पल तिसऱ्या वेळी हरवली. जिन्यात कोनी लक्ष देत नाही. पार्वती.’ खाली सुंदर अक्षरात उत्तर होतं: ‘आपल्या वस्तूंची काळजी मुलांनी स्वतः घ्यावी, ही सवय लावणे हा आमच्या उपक्रमाचाच भाग आहे. भूपेश.’

कलावतीबाईंनी ते दोनदा वाचलं. मग वही तशीच उघडी ठेवून त्या रियाला शोधायला उठल्या.

५

रिया आजही आली होती. न येऊन जाते कुठं? तिची आई पार्वती कशेळीला गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती आणि नेमकी आज तिला लवकर सुट्टी मिळाली म्हणून ती पोरीजवळ येऊन बसली होती. पोरीला परत इथंच पाठवायची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज रागाच्या रूपानं बाहेर पडत होती.

“बाई, उद्या कुठं ठेवू हिला? सांगा तुम्ही. शिफ्ट सोडली तर दुसरी बाई उभीच असते,” ती म्हणाली. “पुतळामावशीला हाकला बोलतात सर. तिला हाकलून पोरीला कोण बघणार? तो बोर्ड बघणार का?”

कलावतीबाई गुडघे सावरत सतरंजीवर बसल्या. “रिया, शुक्रवारी तू कुठं होतीस गं?”

“आत. सतरंज्यांच्या मागे.” आवाज अजून घोगरा होता.

“लपली होतीस?”

“नाय. झोपली होती. शुक्रवारी लूम बंद असतात ना, मग छान झोप येते.”

“उशाला काय घेतलं होतंस?”

रिया आईकडे बघू लागली. मग तिनं मांडीवरचं दप्तर उघडलं. आत वहीच्या शेजारी चपलांचा जोड होता. लाल, नवा कोरा. टाच आपटली की लाईट लागतो, तसला.

“वज्रेश्वरीला घेतल्या,” पार्वती म्हणाली. “तीन जोड हरवले हिचे. सरांनी लिहिलं, पोरांनी स्वतः सांभाळावं. म्हणून मी बोलले, आता हातातून सोडायच्या नाहीत.”

“मी नाय सोडल्या,” रिया म्हणाली. “अंधार झाला तवा घातल्या. पाय आपटले की लाईट लागत होता. म्हणून मी खूप पाय आपटले.”

शेठनी ऐकलेली धप धप ती ही.

कलावतीबाई उठल्या. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी चपला पुन्हा मोजल्या. तेवीस जोड. आत येऊन, एकेका पोराच्या डोक्याला हात लावत, पोरं मोजली. दोनदा मोजली.

चोवीस.

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चार वाजता आपण जिना चढलो, चपला बघितल्या, तेवीस पोरं म्हणून मोकळे झालो. आत येऊन एकदाही मोजली नाहीत. गरजच वाटली नाही. आणि मग पुतळाबाई मोरीत आपल्याकडे तशी का बघत होती, आणि काय गिळत होती, ते त्यांना एकदम कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

६

साडेसहाला त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. भूपेश सर, निशा मॅडम, पुतळाबाई आणि साक्षीला केसरीनाथशेठ. पार्वती पोरीला घेऊन दारात उभी राहिली.

“निशाताई, शुक्रवारी तुम्ही इथं नव्हता,” कलावतीबाईंनी सुरुवात केली. “लूमच्या आवाजात पोरीचं रडणं ऐकू आलं नाही, म्हणालात. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. इथलं शेंबडं पोरही ते सांगेल. तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुम्ही इथला एकही शुक्रवार पाहिलेला नाही.”

निशा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. भूपेश सर काही बोलणार, तोच बाईंनी हात वर केला.

“आणि सर, रजिस्टर. शुक्रवारी अडतीस हजर. अहो, निम्म्या पोरांचे बाप लूमवर. शुक्रवारी बाप घरी, पोर घरी. शुक्रवारी इथं सतरा-अठराच्या वर पोरं नसतात. हे रजिस्टर इथं भरलेलंच नाही. ऑफिसात बसून भरलंय. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर निदान शेळ्या किती ते तरी विचारायचं.”

“मॅडम, त्याला कारण आहे,” भूपेश सर म्हणाले. “दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी आपण अर्ज केलाय. पोरांची देखभाल किती उत्तम आहे, याची फाईल करायची आहे. शुक्रवारी पोरं कमी, म्हणून निशाला मी ऑफिसला बसवत होतो.”

शेठनी “आरं देवा” केलं.

“म्हणजे,” कलावतीबाई सावकाश म्हणाल्या, “जिनं पोरांकडे बघायचं, ती शुक्रवारी तिकडे बसून पोरांकडे किती छान बघतात ते लिहीत होती. आणि इथं एकटी पुतळा. गेटवर पोर सोडायला खाली गेली की वर कुणी नाही, वर आली की खाली कुणी नाही.”

“मी दोनदा सांगितलं होतं सरांना,” निशा मॅडम टेबलाकडे बघत म्हणाल्या. “मला इथं राहू द्या म्हणून. मग सांगायचं सोडलं.” त्या पुतळाबाईकडे वळल्या. “बाटलीचं मी उगाच बोलले, मावशी. घाबरले होते मी.”

पुतळाबाईनं मान हलवली. त्या हलवण्यात माफी होती की कंटाळा, ते समजलं नाही.

“आता राहिली चपलांची गोष्ट,” बाईंनी तक्रारवही पुढे सरकवली. “एकटी बाई जिन्यात उभी राहून पोरं कशी मोजते? चपला मोजते. ओळ रिकामी झाली, पोरं संपली. रियाची चप्पल ओळीत नव्हती. तीनदा हरवली, आईनं लिहिलं, तुम्ही उत्तर दिलंत की स्वतः सांभाळा. तिनं सांभाळली, सर. उशाला घेऊन झोपली. तुमचं एवढं एक वाक्य या क्लबात कुणीतरी मनापासून पाळलं.”

भूपेश सरांचा चेहरा उतरला, पण ते हुशार होते. बुडणारा माणूस दुसऱ्याचा पाय धरतो, तसा त्यांनी पुतळाबाईचा धरला.

“मान्य. माझं चुकलं असेल. पण पोरं सोडून चपला मोजायच्या, ही कुठली पद्धत? आमच्या कुठल्या नियमात हे नाही. हा तिचा निष्काळजीपणा नाही तर काय? हे असलं तिला शिकवलं कुणी?”

पुतळाबाई झटकन म्हणाली, “कोनी न्हाय. माजं मीच.”

“खोटं बोलू नकोस,” कलावतीबाई म्हणाल्या. “मी शिकवलं.”

शेठ खुर्चीत पुढे सरकले.

“सोळा वर्षं झाली. आमच्या अंगणवाडीत बावीस पोरं होती, एक जागी बसायची नाहीत, पुतळा मोजता मोजता रडकुंडीला यायची. मी तिला म्हटलं, चपला ओळीनं लाव, चपला मोजल्या की पोरं मोजली. एवढी खूश झाले होते मी स्वतःवर. दहा अंगणवाड्यांत जाऊन सांगितलं. तेव्हा आत एक सेविका बसलेली असायची, तिची नजर पोरांवर असायची, म्हणून ते खपून गेलं. आज चार वाजता मी स्वतः वर आले आणि तेवीस मोजून मोकळी झाले. आत चोवीस होती. चोविसावी हीच.”

त्यांनी रियाकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

“तीन दिवस ही बाई पोलिसांत जायला तयार होती,” त्या म्हणाल्या, “पण माझं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. आणि मी इथं येऊन तिलाच विचारतेय, नीट मोजलीस का!” त्यांनी घोटभर पाणी घेतलं. “द्या तो कागद.”

भूपेश सरांनी कागद दिला. कलावतीबाईंनी पुतळाबाईच्या नावावर रेघ मारली आणि वर चार नावं लिहिली. पहिलं कलावती रोकडे. दुसरं भूपेश सरांचं. तिसरं निशा मॅडमचं. चौथं पुतळाबाईचं. खाली सही केली.

“हा घेऊन जा पोलिसांत. ह्याच क्रमानं.”

भूपेश सरांनी कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, आणि तो फाईलमध्ये न ठेवता खिशात ठेवला.

७

तो कागद पुढे कुठंच गेला नाही. पुतळाबाईची नोकरी राहिली. भूपेश सरांना ‘समज’ देण्यात आली. निशा मॅडमना शुक्रवारी क्लबात बसण्याचा लेखी आदेश निघाला, पण तो पुढच्या महिन्यापासून, कारण फाईल अर्धवट होती. कलावतीबाईंनी चौथं पत्र लिहिलं, त्यात स्वतःची चूक पहिल्या ओळीत लिहिली आणि तिसरी बाई दुसऱ्या ओळीत मागितली. उत्तर आलं. नोंद घेण्यात आली होती.

पत्र चुरगाळून त्यांनी फेकलं, मग उचलून सपाट केलं, कारण पाचव्या पत्राला ते जोडावं लागणार होतं.

पुढच्या शुक्रवारी साडेतीनला त्या स्वतःच जिना चढल्या. लूम बंद होते, पायरीपायरीला गुडघा वाजलेला ऐकू येत होता. पुतळाबाई खाली गेटवर राहिली, त्या वर दारात स्टुलावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव विचारून, डोक्याला हात लावून, वहीत लिहू लागल्या.

रिया सर्वांत शेवटी आली. पायात लाल चपला होत्या. ओळीसमोर ती थांबली, चपला काढून हातात घेतल्या आणि बाईंकडे बघत राहिली.

“बाहेर ठेवू?”

“कुठंही ठेव,” कलावतीबाई म्हणाल्या. “मी तुला मोजणार आहे.”

रियानं जरा विचार केला आणि चपला दप्तरातच ठेवल्या.